जावा लायब्ररी लिहिताय? सरसकट ‘थ्रोज एक्सेप्शन’ लिहायची चूक टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी तुम्ही जावात लायब्ररी लिहिताय असं समजा. वजनकाट्यावरून वजन वाचायचं आणि सौद्याची पट्टी बनवायची, एवढंच काम. वजन वाचणाऱ्या मेथडपुढे ‘थ्रोज एक्सेप्शन’ (म्हणजे ‘यातून कोणताही एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना, बाहेर येऊ शकतो’) लिहिलं की कंपायलर गप्प होतो. त्रास सुरू होतो तो लायब्ररी वापरणाऱ्याला.

काट्याची केबल निघाली, तर जोडून पुन्हा वाचायचं. आकडा अर्धवट आला, तर पोतं पुन्हा काट्यावर ठेवायचं. उपाय वेगवेगळे, पण मेथड नुसतं ‘एक्सेप्शन’ सांगत असेल तर सगळं एकाच कॅचमध्ये (एक्सेप्शन पकडणाऱ्या ब्लॉकमध्ये) धरावं लागतं. त्यात नलपॉइंटरएक्सेप्शनही (रिकामा संदर्भ वापरल्यावर येणारा) अडकतो, कारण तो रनटाइमएक्सेप्शनचा प्रकार आणि रनटाइमएक्सेप्शन हा एक्सेप्शनचाच सबक्लास. मग कोडमधला बग केबलचा दोष समजून प्रोग्राम वाचतच राहतो.

प्रोग्राम बंद करताना थ्रेड (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणारं काम) थांबत नसेल, तर आधी असा कॅच शोधा. थ्रेड ‘स्लीप’मध्ये असताना इंटरप्ट (थांबण्याची सूचना) आला की इंटरप्टेडएक्सेप्शन फेकला जातो आणि थ्रेडवरची इंटरप्टची खूण पुसली जाते. सरसकट कॅच तो गिळतो, लूप पुढे चालू. इंटरप्टेडएक्सेप्शनसाठी वेगळा कॅच लिहा, त्यात ‘थ्रेड.करंटथ्रेड().इंटरप्ट()’ करून लूपमधून बाहेर पडा.

ऑटोक्लोजेबल (काम संपल्यावर आपोआप बंद करायच्या गोष्टींसाठीचा जावाचा इंटरफेस) पाहून ‘जावानंच असं केलंय’ म्हणू नका. २०११च्या जावा ७ मध्ये आलेल्या या इंटरफेसच्या ‘क्लोज’वर ‘थ्रोज एक्सेप्शन’ आहे खरं, पण तुमच्या क्लासनं नेमका एक्सेप्शन सांगावा, किंवा काहीच फेकणार नसेल तर काहीच लिहू नये, असं तिथल्याच डॉक्युमेंटेशनमध्ये जोर देऊन लिहिलंय. ओव्हरराइड करताना (मेथड आपल्या क्लासमध्ये नव्यानं लिहिताना) थ्रोजची यादी आखडता येते. कॉलेबलचं (दुसऱ्याचं काम चालवायला द्यायच्या जावाच्या इंटरफेसचं) वेगळं: आत कुणाचं काय काम चालेल हे त्याला आधी कळणं शक्यच नाही, म्हणून तिथे ते योग्य.

आमच्या मते काट्याच्या लायब्ररीला दोन एक्सेप्शन पुरतात: जोडणी तुटली, आकडा चुकीचा. आतला मूळ एक्सेप्शन ‘कॉज’ म्हणून सोबत द्याच, नाहीतर लॉगमध्ये खरं कारण सापडत नाही.

जुन्या मेथडची यादी आता आखडली, तर ‘कॅच एक्सेप्शन’ लिहिलेला कोड कंपाइल होतो. आधी कंपाइल केलेल्या जारही (तयार कोडच्या फायली) चालतात, कारण जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारा प्रोग्राम) थ्रोजची यादी तपासत नाही. पण कुणी ती मेथड ‘थ्रोज एक्सेप्शन’सह ओव्हरराइड केली असेल, तर त्याचं कंपाइल अडेल. म्हणून हा बदल मोठ्या आवृत्तीतच करा आणि रिलीज नोटमध्ये सर्वात वर लिहा.