पोरांना गाडीतून नेताना या चुका टाळा

"मानपाड्यावरून हिरानंदानीलाच तर जायचंय, एवढ्यासाठी कुठे चाइल्ड सीट नि बेल्ट" हे ठाण्यात घराघरात ऐकू येतं, वर घोडबंदरला गाडी सरकतच नाही तर आदळणार कुठे असंही म्हणतात. पण अर्धा तास रखडलेला माणूस जरा मोकळा पट्टा मिळाला की गाडी कशी दामटतो तेही बघितलंय ना सगळ्यांनी, आणि मग मध्येच खड्डा आणि करकचून ब्रेक.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मांडीवरचं बाळ. आजी म्हणणार "अगं रडतंय, घे की जरा", आणि आई बेल्ट काढून घेणार. ताशी 50 च्या धडकेत 10 किलोचं बाळ त्या क्षणी शे-दीडशे किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं, ते हातांनी धरून राहत नाही, कुणाच्याच नाही. स्वतःच्या बेल्टमध्ये बाळालाही गुंडाळणं तर त्याहून वाईट, आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं. रडत असेल तर गाडी बाजूला घ्या, शांत करा, परत बसवा. उशीर झाला तर झाला.

पुढची सीट तर नकोच. डिसेंबर 2024 मध्ये वाशीत पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर दगावला. ती बॅग मोठ्या माणसाच्या हिशोबाने बनवलेली असते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते. एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली बेबी सीट पुढे लावणं म्हणजे तर कहरच.

आता ज्यांनी चाइल्ड सीट घेतलीय त्यांचं. घेतली म्हणजे झालं असं नाही, बहुतेक गडबड बसवण्यात असते. जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवा, इंचभराहून जास्त हलली तर ढिली आहे, सीटवर गुडघा दाबून बेल्ट पुन्हा खेचा. आयसोफिक्स (गाडीतल्या हुकांना सीट थेट अडकवायची सोय) असेल तर दोन्ही बाजूंना क्लिक व्हायला हवं आणि हिरवी खूण दिसायला हवी, शिवाय टॉप टेदर (सीटच्या वरून मागे अडकवायचा पट्टा) किंवा सपोर्ट लेग (खाली गाडीच्या तळावर टेकणारा पाय) दिलेला असेल तो लोक विसरतातच. मग बाळाचे पट्टे. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर ढिलाच. एसी जास्त म्हणून जाड स्वेटर घालून बसवू नका, पट्टे नीट बसत नाहीत, वरून पांघरूण घाला. मान पुढे पडत असेल तर सीट फार उभी आहे, मॅन्युअल बघून कोन बदला, बाजारातल्या उश्या नकोत.

मागे तोंड करून बसवलेल्या बाळाचे पाय दुमडतात म्हणून सीटचं तोंड लगेच पुढे फिरवू नका. चाइल्ड सीटसाठीच्या युरोपच्या आय-साइझ नियमात 15 महिन्यांपर्यंत मागेच तोंड लागतं, जास्त टिकवलं तर आणखी चांगलं.

मोठ्या पोरांचा बेल्ट गळ्याला घासतो म्हणून ती तो काखेखालून घेतात, अजिबात चालू देऊ नका. बूस्टर, म्हणजे पोराला उंच बसवणारी सीट, द्या, साधारण 135 ते 145 सेंटीमीटर उंची होईपर्यंत. खालचा पट्टा पोटावर नाही, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर हवा.

सनरूफमधून डोकं काढून नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर ओरडणारी पोरं आणि कौतुकाने व्हिडिओ काढणारे पालक, यांच्यावर काय बोलणार. 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सीटशिवाय नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194बीखाली 1000 रुपये दंड आहे, पण तो कारण म्हणून पुरत नसेल तर अवघड आहे.

आणि सेकंडहँड सीट घेताना आधी अपघातात होती का ते विचारा. नीट सांगत नसतील तर फुकट दिली तरी घेऊ नका, आतला चिरलेला प्लास्टिकचा सांगाडा वरून दिसत नाही.