नागपुरात नवीन आलात आणि घरात लाकडी फ्लोअर करायचंय? आधी खालच्या प्लायचं बघा

मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) जॉब लागून किंवा बदलीवर पुण्या-मुंबईकडून, कोल्हापूर-सांगलीकडून जे लोक नागपूरला येतात त्यांचे प्रश्न ठरलेले असतात, घर बेसाला घेऊ की जरीपटक्याला, शाळा कुठली, उन्हाळ्यात माणूस जगतो का वगैरे. त्यावर लिहून झालंय भरपूर. हल्ली मात्र एक नवीन प्रश्न यायला लागलाय. मुलीच्या कथ्थकच्या रियाजासाठी एक खोली लाकडी करायचीय, किंवा जुन्या उंच छताच्या घरात पोटमाळा काढायचाय, तर खाली बेसला कुठला प्लाय टाकू? आणि बहुतेक जण स्वतःच उत्तर देऊन मोकळे, ‘मरीनच (पाण्यात टिकणारा प्लाय) टाकतो ना, टेन्शन नको’.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, इकडे येऊन इतकी वर्षं झाली की आता सावजी खाताना डोळ्यातून पाणी येत नाही, त्यामुळे हा मरीनवाला हिशोब कुठून येतो ते मला बरोबर कळतं. तिकडे लाकडाचा शत्रू एकच, पाणी. हवेत वर्षभर दमटपणा, म्हणून जे सगळ्यात वॉटरप्रूफ ते सगळ्यात चांगलं. नागपुरात प्रकरण वेगळं आहे. इथे फेब्रुवारीपासून हवा कोरडी व्हायला लागते, मे मध्ये पारा ४५ च्या पुढे, नवतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तर दाराची चौकट हाताला चटका देते, त्यात होळीनंतर घराघरात डेझर्ट कूलर लागतो म्हणजे बाहेर रखरखाट आणि खोलीत ओली हवा, आणि मग जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की सगळंच दमट. लाकूड या एका वर्षात आक्रसतं पण आणि फुगतं पण. नुसतं पाणी सहन करणारा प्लाय घेतला म्हणजे झालं असं होत नाही, तो आतून भरीव आणि सपाट पाहिजे, आणि बसवताना त्याला हलायला जागा सोडलेली पाहिजे. आणि वाळवी, ती तर आहेच, पुढे सांगतो.

पण त्याआधी, प्लाय लागतोच का हे तर बघा. खाली स्लॅब आहे, टाइल्स किंवा कोटा सरळ पातळीत आहे आणि वर फक्त लॅमिनेट किंवा एसपीसीचं (दगडाची पूड आणि प्लास्टिकचं) क्लिक फ्लोअरिंग, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या, टाकायचंय तर प्लायची काही गरज नाही, फोम टाका आणि वर पट्ट्या लॉक करा, झालं. दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ एमएमपेक्षा जास्त खड्डा नसला की पुरे. दुकानदार प्लाय विकायलाच बसलाय, तो नको म्हणणार नाही. प्लाय लागतो तो तीन ठिकाणी: लोखंडी किंवा लाकडी फ्रेमवर पोटमाळा असेल तर, नाच-व्यायामासाठी पायाखाली थोडी लवचिक जमीन हवी असेल तर, आणि खऱ्या लाकडाच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या असतील तर. प्लायवर डायरेक्ट व्हिट्रिफाइड टाइल चिकटवायचा विचार असेल तर सोडून द्या, मध्ये सिमेंट बोर्ड घातल्याशिवाय जॉइंट फुटतात.

आता ग्रेड. बाजारात तीन शब्द ऐकू येतील. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, दमटपणा सहन करणारा), बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट, उकळतं पाणी सहन करणारा) आणि बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) म्हणजेच मरीन. एमआर आणि बीडब्ल्यूआर हे आयएस ३०३ या भारतीय मानकात येतात, मरीन आयएस ७१० मध्ये. फरक मुख्यतः गोंदाचा आहे. एमआरमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइड, त्याची टेस्ट ६० डिग्री गरम पाण्यात ३ तास. बीडब्ल्यूआरला ८-८ तासांच्या फेऱ्यांत उकळून वाळवतात. मरीनला सलग ७२ तास उकळतात, तिथे फिनॉलचा गोंद लागतो. माझं मत विचाराल तर जमिनीसाठी एमआर घेऊच नका, कपाटाच्या आतल्या फळ्यांना तो ठीक आहे, पण जमिनीवर पोछा मारतात, कूलरचं पाणी सांडतं, पोरं पाण्याच्या बाटल्या उलट्या करतात. झोपायच्या, बसायच्या खोल्यांना, पोटमाळ्याला बीडब्ल्यूआर भरपूर झाला. मरीन फक्त मोरी-बाथरूमला लागून असलेल्या खोलीत किंवा तळमजल्यावर जिथे पाणी शिरायची भीती आहे तिथे. आणि अशी भीती नागपुरात खरी आहे हां, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नागनदीकाठच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं होतं. अशा लो-लाइंग ठिकाणी तळमजल्यावर तर मी म्हणतो प्लायची जमीनच करू नका, मरीन असो की अजून काही, कोटाच बरा.

मरीन आणि चांगल्या बीडब्ल्यूआरमधला जो पैसा वाचतो तो आतल्या मालात, म्हणजे मधल्या थरांच्या लाकडात घाला. प्लाय घ्यायला लकडगंजला जा, नावातच सगळं आलं, आरामशिना आणि लाकडाचा बाजार तिथे जुना आहे आणि प्लायची दुकानं पण त्याच पट्ट्यात. खापरी-मनीषनगरकडून येणार असाल तर मेट्रोने सीताबर्डीला बदलून अ‍ॅक्वा लाइनने टेलिफोन एक्सचेंज चौक किंवा आंबेडकर चौकाला उतरा, सेंट्रल एव्हेन्यूवर गाडी पार्क करायला जागा शोधण्यात अर्धा जीव जातो. दुकानात हिंदी-मराठी काहीही चालतं. भाव स्क्वेअर फुटाचा सांगतात, आठ बाय चारची शीट म्हणजे ३२ स्क्वेअर फूट, त्याने गुणा आणि वर १८ टक्के जीएसटी धरा, नाहीतर घरी येऊन आकडा वेगळा निघतो.

शीट बघताना वरचा चेहरा बघू नका. वर लालसर गर्जनसारखा (गर्जन हे एक लालसर लाकूड) फेस म्हणजे वरचा पातळ थर दिसतो पण तो रंग लावून पण करतात, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कडेला वाका आणि थर बघा. उत्तरेकडून, यमुनानगर साइडने येणाऱ्या मालात पॉपलर आणि सफेदा म्हणजे निलगिरी हीच लाकडं जास्त असतात, नुसता पॉपलर हलका आणि मऊ, एक थर पॉपलर एक थर निलगिरी असेल त्याला अल्टरनेट म्हणतात, आणि पूर्ण निलगिरीसारखा असेल तर हार्डवुड म्हणून देतात. जमिनीला हार्डवुड घ्या, अल्टरनेट पोटमाळ्यावर सामान ठेवण्यापुरता चालेल. कडेच्या थरांत मध्ये काळी फट दिसली तर तो कोअर गॅप, कपाटाच्या दाराला तो लपून जातो पण जमिनीला नाही, बरोबर त्याच जागी खुर्चीचा पाय येतो आणि दबतं, कचकच आवाज सुरू होतो. कडेला पुट्टी किंवा रंग मारून फट बुजवलेली असेल तर सरळ दुसरी शीट काढायला सांगा. मग बोटाच्या पेराने पूर्ण शीटवर ठकठक करत जा, पोकळ आवाज आला की ती बाजूला. हे करताना दुकानातला पोरगा वैतागतो, वैतागू द्या. १९ एमएमची शीट साधारण ३० ते ४० किलो भरते, एकदम एका हातात उचलता आली तर शंका घ्या.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा, कॅलिब्रेटेड. म्हणजे मशीनवर घासून जाडी सगळीकडे सारखी केलेली. फर्निचरवाले याला फार भाव देत नसतील पण जमिनीला याच्याशिवाय मजा नाही, कारण दोन शीटांच्या जोडावर अर्धा एमएमचा उंचवटा जरी आला तरी वरच्या लॅमिनेटचं लॉक तिथेच तुटायची भीती असते. साधा प्लाय मिळाला तर दोन-तीन शीटा शेजारी ठेवून जाडी हाताने जोखा.

आयएसआयचा शिक्का असेल तर त्याच्या वर आयएस नंबर आणि खाली सीएम/एल म्हणजे लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका, लायसन्स कोणाचं आहे ते तिथेच कळतं. बिलावर ग्रेड आणि जाडी लिहून घ्या. ‘बिनाबिलाचं देतो भाऊ, सस्त्यात पडेल’ असं म्हटलं तर गॅरंटी पण बिनाबिलाचीच समजा. आणि ब्लॉकबोर्ड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड जमिनीला नको म्हणजे नकोच. शटरिंगचा जुना प्लाय पण लोक स्वस्त म्हणून सुचवतात, त्याचा गोंद पक्का असतो हे खरं, पण वरची फिल्म गुळगुळीत, त्यावर अ‍ॅडेसिव्ह धरत नाही आणि वापरून वापरून तो वाकडा झालेला असतो.

जाडीचं गणित असं. पोटमाळ्याला चौकोनी पाइपची फ्रेम असेल आणि आडवे पाइप १६ इंचावर असतील तर १८-१९ एमएम. पाइप दोन फुटांवर ठेवले असतील तर २५ एमएम घ्या किंवा मध्ये एक पाइप वाढवा, दुसरं स्वस्त पडतं. शीटची लांबी पाइपांना आडवी गेली पाहिजे, म्हणजे वरच्या थराचे रेषे पाइपाला काटकोनात, मिस्त्री कटिंग वाचवायला उलटी टाकतात तेव्हा तिथे उभे राहा. फ्रेम किती वजन घेईल हे मात्र इंजिनिअरला विचारा, वेल्डरला नको. स्लॅबवर टाकणार असाल तर १२ एमएम पुरतो, पण वर लाकडाच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या असतील तर १८-१९ एमएमच. भाड्याचं घर असेल, मालक ड्रिल मारू देत नसेल, तर ९ किंवा १२ एमएमचे दोन थर एकमेकांवर आडवे-उभे टाका आणि फक्त एकमेकांना स्क्रू करा, खालच्या जमिनीला नाही, स्क्रूची लांबी दोन्ही थरांच्या जाडीपेक्षा कमी. सोडताना उचलून घेऊन जाता येतं. दहा बाय बाराच्या खोलीला एका थराला चार शीटा पुरतात असं वाटतं, पाच घ्या.

तळमजला असेल तर आधी ओल तपासा, आणि ती मे मध्ये नाही, पावसाळ्यात. मे मध्ये नागपुरातली कुठलीही जमीन कोरडीच दिसते, खरं रूप ऑगस्टमध्ये कळतं, त्यातून बेसा-बेलतरोडीकडची काळी माती पाणी धरून ठेवते. दीड बाय दीड फुटाचं प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने जमिनीला चिकटवा, एक दिवस ठेवा, खाली थेंब जमले किंवा जमीन काळपट झाली तर थांबा. कोरडी निघाली तरी प्लायच्या खाली जाड पॉलिथिन टाकाच, जोडावर चांगलं एकमेकांवर चढवून, भिंतीला थोडं वर वळवून.

वाळवीचं लोकांना कळत नाही ते असं की दुकानदाराची गॅरंटी बहुतेक वेळा बोररची असते. बोरर लाकडातच असतो, बारीक भोकं आणि पीठ पाडतो, त्याच्यासाठी प्लायला कंपनीत औषध देतात. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करून येते आणि तिला रस्ता तुमच्या घरातून मिळतो. म्हणून प्लाय टाकायच्या आधी भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे साधारण फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडून घ्या. प्लाय बसल्यावर हे काम करायचं म्हणजे सगळं परत उचलणं.

बसवण्याआधी शीटा दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडव्या, खाली पट्ट्या देऊन ठेवा. उन्हात गच्चीवर ठेवू नका, एका दुपारी कमान होते. कापलेल्या कडांना प्रायमर किंवा वॉर्निश मारा, कूलरच्या खिडकीखालच्या कडेला दोनदा. शीटांमध्ये ३ एमएम फट, भिंतीपासून १० ते १२ एमएम, ती वर स्कर्टिंगने झाकली जाते. मिस्त्री ‘एकदम टाइट बसवून देतो’ म्हणून खूश होतो, त्याला नाही म्हणा, कारण एप्रिल-मे मध्ये टाइट बसवलेला प्लाय जुलैमध्ये फुगून मध्ये डोंगर करतो. जोड एका रेषेत येऊ देऊ नका, विटांसारखे सरकवून घ्या. स्क्रू कडेला ६ इंचावर, मध्ये १२ इंचावर, फ्रेमवर टाकत असाल तर खाली अ‍ॅडेसिव्हची रेघ, कचकच तिनेच थांबते. खिळे नकोत, वर्षभरात वर येतात. घाई नसेल तर काम दिवाळीनंतर काढा, हवा ना फार कोरडी ना फार दमट असते आणि मिस्त्री पण उन्हाने चिडलेला नसतो.

आणि हो, दरवाजा. १९ चा प्लाय, वर फोम, वर ८ चं लॅमिनेट म्हणजे जमीन इंचभराहून वर येते. दार खालून किती कापायचं ते आधीच मोजून मिस्त्रीच्या रेटमध्ये बोलून घ्या, नंतर तो त्याचे वेगळे पैसे मागतो, आणि बाल्कनीचं सरकतं दार असेल तर ते कापता येत नाही, तिथे ट्रॅकच्या अलीकडे उतार पट्टी लावावी लागते.