व्हीआर गेमिंग सुरू करताय? ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र अशा बऱ्याच घरांत मी व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेट पीसीला जोडून दिलेत. घर बदलतं, पण चुका त्याच असतात. आणि जवळजवळ प्रत्येक घरात मी पोहोचेपर्यंत कुणीतरी सांगून गेलेलं असतं, "कार्ड कमी पडतंय, बदलून टाक." लोक त्या एका वाक्यावर तीस-चाळीस हजार रुपये खर्च करायला निघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या, निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे हेडसेट आले तेव्हा हेडसेटची वायर थेट ग्राफिक्स कार्डात जायची. आज बहुतेकांकडे मेटा कंपनीचा क्वेस्ट २, क्वेस्ट ३ किंवा ३एस असतो. त्यावर पीसीचा गेम खेळायचा तर पीसी प्रत्येक चित्र दाबून त्याचा व्हिडिओ करतो, तो यूएसबी केबलने किंवा वाय-फायने पाठवतो आणि हेडसेट तो उलगडून दाखवतो. ९० हर्ट्झवर सेकंदाला ९० चित्रं, म्हणजे एक चित्र तयार करायला जेमतेम ११ मिलिसेकंद. या साखळीतली कुठलीही कडी ढिली असली तरी डोळ्यांना दिसतं एकच: चित्र अडकतंय.

चित्र अडकलं की कार्डाला दोष देणं

माझा मावसभाऊ डोंबिवलीला राहतो. त्याने हौसेने हेडसेट घेतला. पीसीत आरटीएक्स ३०६० होतं. 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' या व्हीआर गेमला किमान जीटीएक्स १०६० लागतं, म्हणजे याचं कार्ड त्याच्या बरंच वरचं. तरी दर दोन-चार सेकंदांनी चित्र फाटायचं आणि मान पटकन वळवली की कडेला काळी पट्टी दिसायची. त्याने आधी इंटरनेटचा प्लॅन १०० मेगाबिटचा ३०० केला. काही फरक पडला नाही. मग फोन आला, "दादा, कार्डच बदलू का रे? दुकानदार म्हणतोय ४०७० घे."

म्हटलं, थांब, रविवारी येतो.

जाऊन पाहिलं तर पीसी बेडरूममध्ये, त्याला मागे बोटाएवढा वाय-फाय डोंगल, आणि राऊटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर. म्हणजे प्रत्येक चित्र भिंतीपलीकडे हवेतून राऊटरपर्यंत जाणार आणि त्याच हवेतून, त्याच भिंतीतून परत हेडसेटकडे येणार. इंटरनेटच्या प्लॅनचा इथे काडीचाही संबंध नाही. हा सगळा कारभार घरातल्या घरात चालतो, चित्र बाहेर कुठे जातच नाही. प्लॅन ३०० चा करा नाहीतर हजारचा, डोंगल आणि भिंत तिथेच असतात.

हॉलमधला राऊटर हलवणं शक्य नव्हतं, म्हणून बेडरूममध्ये वाय-फाय ६ चा एक साधा राऊटर लावला. त्याच्यावर फक्त हेडसेट, आणि पीसी त्याला वायरने जोडलेला. घरात एक जुनी लॅनची वायर पडली होती, तीच लावली. खेळून पाहिलं तर सुधारलं होतं, पण पूर्ण नाही. धावपळीच्या प्रसंगात चित्र अजून मळकट व्हायचं.

मग विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटवर जाऊन लिंक स्पीड बघितला. १००. यायला हवा होता १०००. वायर काढून तिचं प्लास्टिकचं टोक उजेडात धरलं. आतल्या आठ खाचांपैकी चारच खाचांमध्ये तारा होत्या, बाकी चार रिकाम्या. ज्याने कोणी त्या वायरीला टोक बसवलं होतं त्याने चार तारांवर काम भागवलं होतं. इंटरनेटला तेवढं पुरतं, त्यामुळे इतकी वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण व्हीआरचा व्हिडिओच शंभर-दीडशे मेगाबिटचा असतो, तो त्या वायरीत मावणार कसा? कोपऱ्यावरच्या दुकानातून आठ तारांची तयार वायर आणली, लिंक स्पीड १००० झाला, आणि त्या रात्री भाऊ अडीच तास खेळला. कार्ड तेच, ३०६०.

तेव्हापासून माझा क्रम पक्का झालाय. पीसी राऊटरला वायरने जोडलेला. लिंक स्पीड १०००. राऊटर त्याच खोलीत, डोळ्यांसमोर. हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर. एवढं झाल्याशिवाय मी गेमच्या सेटिंगला हात लावत नाही. व्हर्च्युअल डेस्कटॉप (पीसीचे गेम वाय-फायने हेडसेटवर आणणारं ॲप) वापरत असाल तर त्यातला परफॉर्मन्स ओव्हरले चालू करा. गेमला किती वेळ लागतोय, चित्र दाबायला किती, नेटवर्कला किती आणि उलगडायला किती, असे वेगवेगळे आकडे दिसतात. कार्ड दोषी असेल तर पहिला आकडा फुगलेला दिसतो. इतर आकडा फुगला असेल तर नवं कार्ड आणून काय करणार?

केबलने खेळणाऱ्यांसाठी: यूएसबी ३ ची केबल घ्या आणि ती पीसीच्या मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. पुढचे पोर्ट आणि यूएसबी हब टाळा. हेडसेटबरोबर आलेली केबल मुख्यतः चार्जिंगसाठी असते.

सगळं एकदम वर नेणं

नवीन माणूस पहिल्याच दिवशी १२० हर्ट्झ लावतो, रिझोल्यूशनचा स्लायडर उजवीकडे टोकाला नेतो आणि गेममध्ये 'अल्ट्रा' निवडतो. साध्या मॉनिटरवर फ्रेम पडल्या, म्हणजे मधली काही चित्रं गळली, तर गेम जरा अडखळतो. व्हीआरमध्ये त्याच पडलेल्या फ्रेम पोटात ढवळतात. मी ७२ किंवा ८० हर्ट्झपासून सुरू करतो, सगळं मध्यम ठेवतो आणि अर्धा तास एकही झटका बसला नाही तरच एक पायरी वर जातो. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं. पाच एकदम बदललीत तर बिघडलं कशाने हे कधीच कळणार नाही. लोकांना याचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, पण दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

अस्पष्ट दिसतं म्हणून रिझोल्यूशन वाढवणं

दहातल्या आठ वेळा पट्टा चुकीचा बांधलेला असतो. लोक हेडसेट टोपीसारखा वरून खाली दाबतात आणि मागचा पट्टा डोक्याच्या मध्यावर ठेवतात. मागचा भाग कवटीच्या खालच्या फुगवट्याखाली, मानेच्या वर बसायला हवा. वजन वरच्या पट्ट्यावर घ्या, बाजूचे पट्टे फार आवळू नका. मग समोर एखादा बारीक मजकूर उघडा आणि हेडसेट गालाच्या बाजूने किंचित वर, किंचित खाली करत अक्षरं सर्वात ठळक दिसतील तिथे थांबवा. क्वेस्ट २ आणि ३एसच्या फ्रेनेल (गोल कंगोरे असलेल्या चपट्या) भिंगांत स्पष्ट दिसण्याची जागा अगदी लहान असते, तिथे दोन-तीन मिलिमीटरनेही फरक पडतो.

दुसरं, दोन बुबुळांमधलं अंतर. क्वेस्ट २ आणि ३एसमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन जागा आहेत, क्वेस्ट ३ ला चाक आहे. चष्म्याच्या दुकानात हे अंतर दोन मिनिटांत मोजून देतात. घरातले चौघे खेळणार असतील तर चौघांचं मोजून हेडसेटच्या खोक्यावर पेनाने लिहून ठेवा.

चष्मा लावून खेळत असाल तर स्पेसर, म्हणजे चष्मा आणि भिंगात अंतर ठेवणारी चौकट, बसवा. चष्म्याची काच भिंगावर घासली की पडलेला चरा जन्मभर राहतो.

पंखा विसरणं

खेळायच्या जागेची हद्द तुम्ही हेडसेट घालून जमिनीवर आखता. छताचा पंखा तिला ठाऊक नसतो. आपल्याकडच्या खोल्यांत पलंग, कपाट आणि टेबल मांडून उरलेल्या जागेत पंखा नेमका डोक्यावर येतो. साडेपाच फुटांच्या माणसाने कंट्रोलर धरून हात वर केला की तो सात फुटांच्या पुढे जातो. 'बीट सेबर' हा गाण्याच्या तालावर तलवारी चालवायचा गेम खेळताना माणूस भान विसरतो आणि कधीकधी उडीही मारतो. एका मित्राच्या घरी चालू पंख्याच्या पात्यावर कंट्रोलर आदळताना मी बघितलाय. कंट्रोलरचे दोन तुकडे झाले, बोटं थोडक्यात वाचली.

माझा नियम साधा आहे: छताचा पंखा बंद, समोर जमिनीवर टेबल फॅन. वाऱ्याने घाम येत नाही, भिंगांवर वाफ धरत नाही, आणि वारा कुठून लागतोय त्यावरून आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हेही कळत राहतं. उभं राहून हिंडायचं तर निदान साडेसहा फूट बाय पाच फूट मोकळी जागा हवी. तेवढी नसेल तर एका जागी उभं राहून किंवा खुर्चीत बसून खेळा, असे पुष्कळ चांगले गेम आहेत. मनगटाची दोरी मात्र नेहमी अडकवा.

चक्कर येत असताना रेटत राहणं

या चुकीवर मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण हिच्यामुळे लोक व्हीआर कायमचं सोडतात.

घरी हेडसेट आला की पाहुण्यांना पहिल्यांदा काय दाखवतात? रोलर कोस्टर. आणि तेही जेवणं झाल्यावर. माझी भाची दिवाळीत आली होती. पुरणपोळीचं जेवण झालेलं, सगळे हॉलमध्ये बसलेले. कुणीतरी तिला हेडसेट घातला आणि रोलर कोस्टर लावला. मी तेव्हा आत होतो. बाहेर आलो तर ती जांभया देत होती, कपाळावर घामाचे बारीक थेंब होते आणि एका हाताने तिने सोफ्याची कड घट्ट पकडली होती. मी म्हटलं, "काढ तो, काढ लगेच." बाकीचे म्हणाले, "अहो मामा, होईल सवय, दोनच मिनिटं राहिलीत." ती बिचारी सगळ्यांच्या आग्रहाखातर तशीच थांबली. त्यानंतर रात्रीपर्यंत पडून होती, चहासुद्धा घेतला नाही. पुढे दोन वर्षं हेडसेट नुसता समोर दिसला तरी तिला मळमळायचं.

हे का होतं? डोळे सांगतात की आपण वेगाने खाली चाललोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण सोफ्यावर बसलोय. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचणाऱ्याला जे होतं तेच, फक्त उलट्या बाजूने. आणि शरीर ते लक्षात ठेवतं. म्हणून "रेटलं की सवय होते" हा सल्ला चुकीचा आहे. सवय होते ती त्रास सुरू होण्याआधी थांबण्याने. जांभई, तोंडाला सुटणारं पाणी, कपाळावरचा गार घाम, यातलं एक जरी जाणवलं तरी हेडसेट काढा. गेम कुठेही असो, लेव्हल संपायला अर्धं मिनिट असो. त्या दिवशी पुन्हा घालू नका.

पहिला आठवडा फक्त असे गेम, ज्यांत तुम्ही जागेवर उभे आणि वस्तू तुमच्याकडे येतात. 'बीट सेबर' त्यासाठी उत्तम. दुसऱ्या आठवड्यात चालायचे गेम, पण टेलिपोर्टने, म्हणजे जागा दाखवून थेट तिथे पोहोचायचं. 'ॲलिक्स'मध्ये ती सोय आहे. वळणं गुळगुळीत न ठेवता टप्प्याटप्प्याने वळणारी ठेवा, आणि चालताना कडेचं दृश्य काळं करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. गाड्या आणि विमानं महिन्याभराने. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत. गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी खाऊन खेळणारेही मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

भाचीला मी असंच परत आणलं. पहिल्या दिवशी नुसतं हेडसेटमधल्या मुख्य खोलीत उभं राहायचं, पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. सहाव्या दिवशी तिनेच विचारलं, "मामा, तो तलवारींचा लावू का?"

उरलेल्या चुका, थोडक्यात

लॅपटॉपवर खेळताना गेम प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालू होतो आणि लोक डोकं धरून बसतात. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये व्हीआरच्या ॲपला 'हाय परफॉर्मन्स' लावा, चार्जर जोडलेला ठेवा.

स्वस्तात मिळतोय म्हणून विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचा (मायक्रोसॉफ्टच्या व्हीआर प्रणालीवर चालणारा) जुना हेडसेट घेऊ नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून त्याचा आधारच काढून टाकलाय. हौशी लोक वाटा काढतात, पण पहिलाच हेडसेट घेणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम परत करायचा तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला हवा. गेम चालू ठेवून सेटिंग जुळवत बसलात तर तोही वेळ त्यात धरला जातो. जुळवाजुळव फुकटच्या डेमोवर करा.

गेममधले हात थरथरतात, कंट्रोलर उडतो? हेडसेटचे कॅमेरे गोंधळलेले असतात. कपाटाच्या आरशावर चादर टाका, दिवाळीच्या लुकलुकणाऱ्या माळा बंद करा, खोलीत भरपूर उजेड ठेवा. क्वेस्टच्या ट्रॅकिंग सेटिंगमध्ये विजेची वारंवारता निवडता येते, आपल्याकडे ती ५० हर्ट्झ. परदेशातून हेडसेट आणला असेल तर हे आवर्जून तपासा.

भिंगं फक्त कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. काचा पुसायचं फवाऱ्याचं औषध नको, सॅनिटायझर तर अजिबात नको.

आणि खेळ संपल्यावर हेडसेट खिडकीत ठेवू नका. ही भिंगं ऊन एका जागी गोळा करतात, लहानपणी भिंगाने कागद जाळायचो त्यातलाच प्रकार. एका ओळखीच्यांनी तो सकाळी बाल्कनीच्या दाराजवळच्या टेबलावर उताणा ठेवला होता. ऊन दारातून आत यायला थोडाच वेळ लागला, आणि हेडसेटच्या आतल्या उजव्या बाजूच्या स्क्रीनवर तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा डाग कायमचा बसला. दुरुस्ती होत नाही. माझ्याकडे हेडसेट कपाटातच राहतो, भिंगांवर मऊ कापडाची घडी घालून.