कमी पैशांत चांगली गिटार: बघावं काय, घ्यावी कधी, सांभाळावी कशी

गावाकडे पहिली गिटार घेताना नजर आधी रंगावर जाते. दोन-अडीच हजारांची काळी चकचकीत गिटार घरी येते, आठ दिवसांत बोटांची सालटं निघतात आणि पोरगं "मला नाही जमत" म्हणून ती खुंटीला टांगून ठेवतं. दोष बहुतेक वेळा पोराचा नसतो, तारा फार उंच असतात. म्हणून कमी बजेटमध्ये लाकूड कोणतं हा प्रश्न मागे ठेवा. मान सरळ आहे का, ब्रिज (गिटारच्या अंगावर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) पक्का आहे का आणि तारांची उंची किती, या तीन गोष्टी आधी तपासा.

१. कोणती गिटार, किती पैसे

सिनेमातली गाणी, भावगीतं, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा यासाठी स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार लागते. रुंद मानेची, नायलॉन तारांची क्लासिकल गिटार वेगळी. तिच्यावर स्टीलच्या तारा कधीच चढवू नका. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो, स्टीलच्या तारांचा ७० किलोच्या वर. तो ताण सोसण्यासाठी क्लासिकल गिटार बांधलेलीच नसते. काही महिन्यांत टॉप, म्हणजे पुढची लाकडी पाटी, फुगतो किंवा ब्रिज उपटून येतो.

नव्या गिटारसाठी ८ ते ११ हजार जमत असतील तर यामाहाची एफ२८० किंवा एफ३१० बघा. या वर्गात एका नगापासून दुसऱ्या नगात फारसा फरक पडत नाही, आणि दुकानात हात लावून बघता येत नसेल तेव्हा तेच महत्त्वाचं. ४ ते ६ हजारांत केडेन्स, हुआरेझ अशा ब्रँडच्या गिटार मिळतात. त्यात चांगला नग निघतो, पण निवडून घ्यावा लागतो. गिव्हसन ही कोलकात्याची भारतीय कंपनी आहे, अमेरिकेच्या गिब्सनशी तिचा संबंध नाही. नाव वाचून गफलत करू नका.

"सॉलिड टॉप" म्हणजे अखंड लाकडाचा टॉप. आवाज निश्चित चांगला, पण मे महिन्यात टिनाच्या घरात तो तडकण्याची भीती असते. आपल्या विदर्भाच्या हवेत पहिली गिटार लॅमिनेट, म्हणजे प्लायच्या टॉपचीच घ्या.

२. कधी घ्यावी

नवी गिटार मागवायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कापसाचे पैसे हातात येण्याचा हंगामही साधारण तोच. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांवर असताना कुरिअरच्या बंद गाडीत डिंक मऊ पडतो, ताणलेल्या तारा ब्रिज ओढत राहतात आणि नवीकोरी गिटार दुखणं घेऊनच घरी येते.

वापरलेली मात्र मे-जूनमध्ये शोधा. नागपूर, अमरावती, वर्धा, यवतमाळची हॉस्टेलं तेव्हा रिकामी होतात आणि पोरं सामान काढून टाकतात. आणखी एक फायदा आहे. हवा कोरडी असताना लाकूड आक्रसतं, त्यामुळे लपलेला दोष उघडा पडतो. चांगल्या स्थितीतल्या गिटारला नव्याच्या निम्म्यापर्यंत भाव द्या, त्यापुढे जाऊ नका.

३. हातात घेऊन तपासणी

आधी गिटार सुरात लावा; मोबाइलवर फुकट ट्यूनर ॲप मिळतं. सैल तारांवर केलेली कोणतीही तपासणी फसवते.

तारांची उंची: फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, त्या डोक्याकडून मोजायच्या. बाराव्या फ्रेटवर फ्रेटचा माथा आणि जाड तारेचा तळ यांच्यातलं अंतर मोजायचं असतं. कंपासपेटीतली पट्टी इथे कामाची नाही, कारण तिचा शून्य कडेपासून थोडा आत असतो. एक रुपयाची नाणी घ्या. एक नाणं साधारण दीड मिलिमीटर जाड असतं. दोन नाणी एकावर एक ठेवून तारेखाली सरकवा. तार न उचलता ती जात नसतील तर उत्तम. दोन सहज जातात पण तिसरं अडतं, तर गिटार दुरुस्त होण्यासारखी आहे. तीनही गेली तर ती सोडून द्या, भाव कितीही पडलेला असो.

मान: डाव्या हाताने जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि उजव्या हाताने चौदाव्या फ्रेटवर दाबा. आता सातव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढीच फट हवी. नाणं जात असेल तर मान पुढे वाकली आहे. फट मुळीच नसेल तर मान मागे गेली असावी आणि तारा खरखरतील. मानेत ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ करणारी लोखंडी सळई आहे का ते विचारा. तिचा नट साउंडहोलच्या, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाच्या, आत किंवा डोक्याकडच्या (खुंट्यांच्या बाजूच्या) झाकणाखाली असतो. ती फिरवायची झाल्यास एका वेळी पाव फेरा, जास्त नाही.

ब्रिज: त्याच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद घालून बघा. कागद आत शिरला तर डिंक सुटलाय. मग डोळा टॉपच्या पातळीवर आणून बघा. ब्रिजमागे हलका फुगार चालतो, पोट सुटल्यासारखा दिसला तर नाही.

सूर: तार मोकळी वाजवा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरवर तोच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. ५ सेंटपर्यंत (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक चालतो. १५-२० सेंट असेल तर आधी तारा जुन्या किंवा उंच आहेत का बघा. तसं नसेल तर ब्रिजच चुकीच्या जागी बसवलाय, आणि त्यावर परवडणारा उपाय नाही. जमलं तर भजनी मंडळातला पेटीवाला सोबत न्या. पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार पांढरी तीनची, पाचवी पांढरी सहाची, एवढं सांगितलं की पुढचं त्याचा कान पकडतो.

शेवटी सहाही तारा प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून बघा. एखाद्याच जागी खरखर असेल तर ब्रिजच्या बाजूचा त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. डोकं मानेला जिथे जुळतं तिथे बारीक रेघ दिसली तर नखाने चाचपा. नख अडकलं तर ती चीर समजा.

४. ऑनलाइन घेताना

पैसे भरण्याआधी आपला पिनकोड टाकून परत नेण्याची सोय आहे का ते बघा. अनेक गावांत पोच मिळते, पण माल परत न्यायला कोणी येत नाही. तसं असेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या. खोकं सीलबंद असतानाच व्हिडिओ सुरू करा आणि वरची सगळी तपासणी परतीच्या मुदतीत उरका.

वापरलेली गिटार न बघता ॲडव्हान्स देऊ नका. "फौजेत आहे, बदली झाली, सामान पाठवतो" ही जुनी फसवणूक आहे. आणि पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. तसं कोणी सांगितलं तर फोन ठेवा.

एसटीने आणताना तारा एक स्वर उतरवा. गिटार डिकीत टाकू नका, मांडीशी उभी धरा. उन्हाळ्यात सकाळची गाडी पकडा.

५. तारा खाली आणणं

दोन नाणी जाणारी गिटार घरीच सुधारता येते. तारा सैल करून ब्रिजमधली पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, बाहेर ओढा. ती खालून घासायची, वरून नाही. बाराव्या फ्रेटवर जेवढी उंची कमी हवी त्याच्या दुप्पट सॅडल घासावं लागतं: अर्ध्या मिलिमीटरसाठी एक मिलिमीटर. पेन्सिलने रेघ मारा, सपाट फरशीवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि सॅडल उभं धरून एकाच दिशेने घासा. तळ तिरका झाला तर आवाज दबतो. थोडं घासा, बसवा, मोजा, पुन्हा घासा. जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर पुरे. सॅडल ब्रिजच्या वर किमान दोन मिलिमीटर उरलं पाहिजे, नाहीतर तारांचा दाब कमी पडून आवाज मरतो.

सोबत तारांचा नवा संच टाका. नवशिक्यांना ०.०११ इंचाचा (ही सगळ्यात बारीक तारेची जाडी) बरा, ०.०१२ चा बोटांना जड जातो.

६. कूलर आणि पावसाळा

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात हवा त्याच्या निम्म्यावर येते, आणि कूलरसमोर ती एकदम चढते. दिवसभर कोरडी, रात्री ओली, या चढउतारानेच डिंक सुटतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. गिटार कूलरच्या झोतात आणि टिनाला लागून ठेवू नका. आतल्या मातीच्या भिंतीची खोली सगळ्यात चांगली. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणदाणीत घट्ट पिळलेला स्पंज घालून ती बॅगेत ठेवा, तीन-चार दिवसांनी पुन्हा भिजवा. जुलैपासून स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पावसाळ्यात टॉप फुगून तारा थोड्या वर जातात, तेव्हा लगेच सॅडल घासायला बसू नका. दिवाळीपर्यंत हवा कोरडी झाली की नाण्यांनी पुन्हा मोजा आणि मगच ठरवा.