पिकअप उंच करायची, टायर मोठे घालायचे: कुठे थांबायचं आणि काम कसं करायचं

पिकअप उंच करायची म्हटलं की बहुतेक जण आधी किट (उंची वाढवायचे सुटे भाग) बघतात आणि टायरचा विचार नंतर करतात. क्रम उलटा हवा. टायर ठरला की त्याला मडगार्डात किती जागा लागेल ते कळतं, आणि गाडी तेवढीच उचलायची. त्याहून जास्त उचलली तर वळणावर ती जास्त कलते आणि पुढच्या एक्सलचे रबरी बूट (सांध्यांवरची टोपणं) लवकर फाटतात.

उदाहरणाला जुनी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस घेऊ. ही २०१६ साली भारतात आली, २४५/७० आर १६ टायरवर. पुढे डबल विशबोन (चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग एक्सल आणि कमानपाटे (स्प्रिंगचं काम करणारे लोखंडी पाटे). टोयोटा हायलक्सची बांधणीही अशीच आहे, त्यामुळे यातलं बरंचसं तिलाही लागू पडतं.

पाना हातात घेण्याआधी कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ मापांशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस पडला, तर क्लेम अडकतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला सगळ्यात बिनघोर वाट एकच: त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीनेच दिलेलं टायरचं माप.

टायरचं गणित

२४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे रुंदीच्या ७० टक्के बाजूची उंची, १६ हा रिमचा व्यास इंचात. २४५ चे ७० टक्के १७१.५, वर-खाली मिळून ३४३, त्यात रिमचे ४०६ मिळवले की व्यास ७४९ मिलिमीटर. २६५/७० आर १६ घेतला तर ७७७. फरक २८ मिलिमीटरचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, म्हणजे १४. एक्सलखालची जागा वाढते ती एवढीच, कारण मागचा एक्सल टायरशिवाय दुसऱ्या कशानेही वर जात नाही. स्पीडोमीटरच्या आकड्यातही सुमारे पावणेचार टक्क्यांची तफावत पडते.

२६५/७५ आर १६ घातला तर व्यास ८०४ होतो, सात टक्क्यांहून जास्त. मग गिअर लांब पडतात, घाटात एक गिअर खाली यावं लागतं, ब्रेकवर ताण येतो आणि मडगार्डात कापाकापी सुरू होते. रोजच्या वापराच्या गाडीला २६५/७० पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरइतका किंवा जास्तच हवा. एलटी (लाइट ट्रक) टायर घेतलात तर दारावरच्या स्टिकरचा हवेचा आकडा विसरा; तेवढंच वजन पेलायला त्याला जास्त हवा लागते.

किती आणि कशाने उचलायची

४० ते ५० मिलिमीटर. त्याच्या वर गेलं की एक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या वाकत्या सांध्याचा) कोन तिरका होतो, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) टोकाला जातो, आणि मग आर्म बदला, डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खाली घ्या, अशी खर्चाची माळ लागते.

पुढे दोन मार्ग. शॉकअपच्या डोक्यावर बसणारा स्पेसर स्वस्त पडतो आणि त्याला स्प्रिंग उघडावी लागत नाही. पण इथे मोठी गफलत होते: शॉकअप आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे २५ मिलिमीटरचा स्पेसर चाकापाशी जवळजवळ ५० होतो. शिवाय चाक लोंबकळतं तेव्हा सीव्ही जॉइंट आणि बॉल जॉइंट आणखी खाली खेचले जातात. दुसरा मार्ग नवीन स्प्रिंग आणि जुळणारा शॉकअप. पैसे जास्त, पण मी तोच सांगेन. ऑस्ट्रेलिया आणि थायलंडमध्ये डी-मॅक्स भरपूर चालते, त्यामुळे तिची तयार किट मिळतात.

प्रत्यक्ष काम

चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइटच्या झोताची खूणही करून ठेवा.

जमीन सपाट आणि पक्की हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, पुढच्या चाकांचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा. जॅक फक्त उचलायला. गाडीखाली हात घालायचा तो चेसिसखाली घोड्या (जॅक स्टँड) लावून, गाडी हलवून बघितल्यावरच.

शॉकअपच्या डोक्यावर बाहेरच्या बाजूला तीन नट असतात, ते उघडायचे. मधल्या नटाला हात लावायचा नाही. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे, ती सुटली तर माणूस मरू शकतो. स्प्रिंग बदलायची असेल तर तेवढं काम स्प्रिंग दाबायचा प्रेस असलेल्या गॅरेजवाल्याकडून करून घ्या. ब्रेकचा कॅलिपर उघडावा लागला तर पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. एबीएसची वायर क्लिपमधून आधीच सोडवा.

नवा शॉकअप बसवताना आर्मच्या बुशांचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट नुसते हाताला लागतील इतकेच आवळा. शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी राहिल्यावर द्यायचा. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मागच्या पाट्यांच्या शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) बोल्टलाही हाच नियम.

मागे एक्सलला जॅकचा आधार देऊन यू-बोल्ट काढा. जास्तीचा पाटा घाला किंवा पाटा आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी ब्लॉक. लाकडाचा ठोकळा नाही, ब्लॉकवर ब्लॉक तर अजिबात नाही. पाट्याची मधली पिन भोकात नीट बसली की नाही ते बोटाने चाचपा. यू-बोल्ट नवेच घाला. एकदा आवळलेले ताणले गेलेले असतात.

तुमच्या गाडीला मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी असेल, तर तिचा ब्रॅकेट उचललेल्या उंचीइतका सरकवावा लागतो. नाहीतर गाडी रिकामी आहे असं समजून व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कमी करतो, आणि भरलेली गाडी उतारावर असताना ते लक्षात येतं. गाडी सुटताना खालून थरथर जाणवली तर प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) मधल्या बेअरिंगच्या ब्रॅकेटपाशी पत्र्याचे शिम (पातळ चकत्या) देतात.

चाकं लावण्याआधी, ती लोंबकळत असताना स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि ब्रेकचा पाइप कुठे ताणला जातो का ते हाताने बघा. मग टायर चढवून स्टेअरिंग पूर्ण वळवा, एक चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा वळवा. घासलंच तर बहुधा चाकामागच्या खालच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या लायनरला. तेवढं हीट गनने दाबून निभावतं.

त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या आणि छापील कागद मागा. त्यात टो (वरून बघता चाक आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बरइतकंच (समोरून बघता चाक किती कललंय) कॅस्टरकडे (बाजूने बघता चाक वळतं त्या आसाचा कल) बघा. उचलल्यावर तो कमी होतो आणि स्टेअरिंग आपणहून सरळ यायला आळस करतं. हेडलाइट भिंतीवरच्या खुणेपर्यंत खाली घ्या, समोरच्याचे डोळे दिपवू नका. चाकांचे नट १०० किलोमीटरनंतर आणि यू-बोल्ट ५०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

टायर चार नाही, पाच घ्या. जुन्या मापाची स्टेपनी लावून डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकलं तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) मोडू शकतो. आणि नवी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत मावते का, हे पैसे देण्याआधी टेप लावून मोजा.