सकाळची पहिली चावी

“थंडीत गाडी चालू होत नाही” अशी तक्रार असलेली गाडी गॅरेजात येते, तेव्हा ती चालूच असते. एवढी एक गोष्ट मला पहिल्या वर्षी कुणी बजावून सांगितली असती, तर माझा एक हिवाळा आणि एका भल्या माणसाचे पैसे वाचले असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आयटीआय करून नुकतेच हाताला ग्रीस लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. डिझेल इंजिन कसं पेटतं हे तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा सांगत नाही.

मी मराठी शाळेतून दहावी झालो. मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड घेतला आणि वर्गात सगळं कन्नड नाहीतर इंग्रजी. पहिले तीन महिने मी फळ्यावरची आकृती तेवढी वहीत उतरवायचो आणि खालची अक्षरं संध्याकाळी गल्लीतल्या एका ताईकडून समजून घ्यायचो. रडूही यायचं. आज कुणी त्याच अवस्थेत असेल तर त्यानं घाबरू नये. चार-सहा महिन्यांत कान तयार होतो. पण कन्नड शिकाच. या भागातल्या डिझेलच्या कामातले कितीतरी जाणते मिस्त्री कन्नड बोलणारे आहेत, आणि त्यांच्या भाषेत विचारलं की ते हातचं न राखता सांगतात. डिझेलच्या लाइनीत एअर, म्हणजे हवा, शिरणं हा प्रकार मला माझ्या उस्तादांच्या तोंडून आधी ‘गाळी’ म्हणूनच कळला.

तर ती गाडी. जांबोटीकडच्या एका काकांची जुनी वडाप, म्हणजे गावोगाव प्रवासी नेणारी गाडी. थंड इंजिनाला आतून ऊब देणारे हीटर प्लग, डिझेलचा यांत्रिक पंप, सेन्सर एकही नाही. सकाळी सातला खानापूरची पहिली फेरी. डिसेंबर लागला तशी गाडी सकाळी अडायला लागली. माणसं ढकलून चालू करायची, काका फेरी मारायचे आणि अकराच्या सुमाराला गाडी माझ्यापुढे उभी. अर्ध्या चावीला चालू! मी हीटर प्लग बदलले. चालू करून दाखवली, काका खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, “अरे बाळा, आज पण ढकललीच बघ.” मग इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून आणले. पुन्हा तेच. शेवटी पंप उतरवून बेळगावला नेला, ओव्हरहॉल केला, बिल झालं नऊ हजारांच्या पुढं. बसवला, चालू केली. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला आणि ते काही बोललेच नाहीत. मागून पोरांचा ढकलण्याचा आवाज तेवढा येत होता.

आता नीट वाचा, कारण मी इथंच फसलो होतो.

उस्तादांची एक सवय मी उचलली होती. बॉनेट उघडलं की काही न बघता हँड प्रायमरला, म्हणजे हातानं डिझेल ओढायच्या छोट्या पंपाला, वीस-पंचवीस दणके द्यायचे, मग चावी. प्रत्येक काम झाल्यावर मी हेच करायचो. गाडी चालू व्हायची आणि मला वाटायचं, नवीन प्लगनं केलं, नोझलनं केलं, पंपानं केलं. करत होता प्रायमर. रात्रभरात डिझेल लाइनीतून टाकीत परत उतरत होतं, जागी हवा भरत होती आणि मी रोज माझ्याच हातानं ती हवा काढून पुरावा पुसत होतो. प्लग बदलणं आणि प्रायमर मारणं ही दोन कामं मी एकदमच केली होती, मग कशानं फरक पडला ते कळणार कुठून?

आणि दुसरं. मी गळती शोधत होतो ती ओल बघून. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची, बाजू ओढीची आहे. इंजिन चालू असताना तिथं दाब नसतो, खेच असते. सांधा ढिला असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत, धूळसुद्धा बसलेली, आणि तरी तिथंच चोर. इंजिन बंद झालं की त्याच जागेतून हवा शिरते आणि वर चढलेलं डिझेल हळूहळू टाकीकडे घसरतं. रबर जुनं झालं की कडक होतं, थंडीत आणखी आकसतं आणि क्लिपखाली केसाएवढी फट पडते. दुपारी इंजिनाच्या उबेनं तेच रबर जरा नरम होऊन नीट बसतं. म्हणून अकरा वाजता सगळं ठीक.

काकांच्या गाडीत ती जागा होती चासिसजवळ, जिथं टाकीकडून येणारा लोखंडी पाइप आणि रबरी पाइप एकमेकांना भेटतात. मी क्लिप सोडली आणि रबर बोटांनी दाबलं तर ते वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखं कटकन मोडलं. दोन फूट पाइप आणि दोन क्लिपा, शंभर रुपयांच्या आत. काकांनी हिशोब विचारला नाही. मी पंपाच्या मजुरीचे पैसे परत केले, पार्टचे करू शकलो नाही. ते अजून मनाला लागून आहे.

या दुखण्याची खूण ओळखून ठेवा: गाडी पहिल्या चावीला चालू होते, पाच-दहा सेकंद चालते, मरते आणि मग कितीही सेल्फ मारला तरी ऐकत नाही. पंपात उरलेलं डिझेल तेवढ्यापुरतं पुरतं, मागून येते ती हवा. आणखी एक प्रश्न मालकाला विचारा, रात्री गाडी कशी लावता? तोंड उताराकडं करून लावल्यावर सकाळी चालू होते आणि चढाकडं लावल्यावर होत नाही, असं म्हणाले तर निम्मं निदान झालं. तोंड खाली असलं की टाकीची बाजू वर येते आणि डिझेल मागं उतरत नाही. आपल्या घाटाकडच्या गावांत ही चाचणी फुकट होते. पण उतारावर लावायची सवय लागली की दुखणं वर्षभर झाकलेलंही राहतं, हेही लक्षात असू द्या.

खात्री करायची तर आदल्या संध्याकाळी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक पाइप बसवा. गाडी चालवून बघा, बुडबुडे गेले की बंद करा. सकाळी चावीला कुणाला हात लावू देऊ नका, आधी टॉर्च मारून पाइप बघा. भरलेला असेल तर एअरचा संशय बराचसा सोडा. अर्धा रिकामा असेल तर सापडलं. आता मागं मागं जायचं: फिल्टरचं सील, बॅन्जो बोल्टचे (ज्या पोकळ बोल्टातून डिझेल जातं त्याचे) तांब्याचे वॉशर, खुद्द हँड प्रायमर, रबरी सांधे आणि नोझलवरचे, उरलेलं डिझेल परत नेणारे बारीक रिटर्न पाइप. रिटर्नच्या पाइपाकडं कुणी बघत नाही, पण तिथूनही हवा शिरते. काढलेला तांब्याचा वॉशर पुन्हा वापरू नका. पाच रुपये वाचवून कुणी श्रीमंत झालेलं मी बघितलं नाही. तरी चोर सापडला नाही तर पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनापेक्षा उंच टांगा, पंपाला डिझेल थेट त्यातून द्या आणि रात्रभर गाडी तशीच ठेवा. सकाळी झटकन चालू झाली की दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवरच आहे, फिल्टर धरून.

प्रत्येक गाडीत एअरच असतो असं नाही. पहिली चावी मारताना एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा. सेल्फ फिरतोय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही, ऊब कमी पडते. हे दोन प्रकार वेगळे करता आले की तुम्ही चुकीचा पार्ट खोलणार नाही. चालू झाल्यावर मिनिटभर लंगडते, पांढरा धूर सोडते आणि मग सुरळीत होते, अशा वेळी एखाद-दोन प्लग मेलेले असतात.

हीटर प्लग तपासताना वरची पट्टी काढल्याशिवाय तपासू नका. पट्टीनं चारही प्लग एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळं एक जिवंत असला तरी टेस्ट लॅम्प चारही ठिकाणी पेटतो. पट्टी काढा, लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. पेटला तर तार शाबूत. मीटरनं बघितलं तर चांगला प्लग साधारण १ ओहमच्या आसपास दाखवतो. स्वस्त मीटरच्या वायरीच ०.३-०.५ ओहम खातात, तेवढं वजा धरा. आणि पट्टीपर्यंत करंट येतोय का ते बघा, नाहीतर प्लगना करंट सोडणारा रिले मेलेला आणि तुम्ही चार प्लग बदललेले. प्लग थंड इंजिनावर जोर लावून फिरवू नका. हेडमध्ये मोडला तर हेड उतरवायची पाळी येते. इंजिन कोमट असताना काढा.

बॅटरीबद्दल थोडक्यात. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, सेल्फ मारताना १० च्या खाली घसरली तर आधी तीच बघा. सेल्फ मारतानाच बॅटरीचा मायनस आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवला तर अर्थचा पट्टा गंजलेला आहे. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मिनिटभर विश्रांती द्या. थंडीनं डिझेल गोठलं असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. तो लेह-लडाखचा त्रास. आपल्याकडं जानेवारीतली पहाट बारा-तेरा अंशांची.

इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे: हे करू नका. हीटर प्लग तापलेले असताना ती वाफ भलत्या वेळी पेटते, पिस्टन फुटतो, मॅनिफोल्डमधून ज्वाळ बाहेर येते. मी एका पोराच्या भुवया जळालेल्या बघितल्या आहेत, डोळे थोडक्यात वाचले. आणि इतकं करून गाडी चालू झाली तरी दोष कुठं आहे हे कळलेलं नसतंच.

उस्ताद निवडताना माझं मत स्पष्ट आहे. लायकीचा उस्ताद तोच जो पहाटे गाडीच्या दारात जातो आणि “का?” विचारलं तर चिडत नाही. माझे उस्ताद हातानं सोन्यासारखे होते, पण प्रायमर आधी का मारायचा हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायला मी घाबरत होतो. तुम्ही विचारा. फार तर रागावतील.

आणि तुमच्या हातून चूक होईल. एखाद्या गाडीचा चांगला पंप तुम्हीही उतरवाल. त्या रात्री झोप येणार नाही, मलाही आली नव्हती. काका आजही गाडी माझ्याकडेच आणतात. पाइप सापडला त्या दिवशी मी त्यांना सगळं खरं सांगितलं होतं.

आता अशी तक्रार आली की मी गाडी ठेवून घेत नाही. संध्याकाळी मालकाच्या घरी जाऊन पारदर्शक पाइप चढवतो आणि निघताना घरातल्या प्रत्येकाला, पोराटोरांनासुद्धा, सांगतो: सकाळी चावी लावू नका, मी सहाला येतोय.