चांदीचा नवा साठा कसा शोधायचा आणि पुढे काय करायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आपल्याकडची बहुतेक चांदी राजस्थानात शिसं-जस्ताच्या खनिजासोबतच मिळते, त्यामुळे उदयपूरजवळच्या जावरसारख्या पट्ट्यात चकाकणारी चांदी शोधत फिरू नका, शोधायचा गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज. करडा, चौकोनी तुकडे पडणारा, आणि हातात घेतला की एवढासा दगड इतका जड कसा असं वाटतं (पाण्याच्या साधारण साडेसात पट). चांदी त्याच्यात लपलेली असते, डोळ्यांना दिसत नाही.

जमिनीवर गंजलेला, भोकं पडलेला लालसर दगड दिसला तर थांबा, त्याला गॉसन म्हणतात, खाली सल्फाइड, म्हणजे गॅलेनासारखी गंधक असलेली खनिजं, असल्याची ती खूण. जुन्या भट्ट्यांची मळी (धातू गाळून उरलेला कचरा) पण बघा, जावरला लोक शेकडो वर्षांपूर्वी जस्त गाळायचे, त्या जुन्या लोकांची नजर खरंच जबरदस्त होती. पण जुन्या बोगद्यात अजिबात शिरू नका प्लीज, छत कधी बसेल सांगता येत नाही!

परवाना हातात आल्यावर नकाशा, मातीचे नमुने, चर, मग ड्रिलिंग. कोअर (ड्रिलमधून निघणारा दगडाचा लांब दांडा) उभा कापायचा, अर्धा लॅबला, अर्धा पेटीत जपून. लॅबला पाठवताना मधेमधे चांदी नसलेला एखादा नमुना घाला म्हणजे त्यात चांदी दाखवली तर नमुन्यांत भेसळ झाल्याची गडबड लगेच कळते. रिपोर्ट ग्रॅम प्रति टन असा येतो, आणि ड्रिल शिरेला (दगडातल्या खनिजाच्या पट्ट्याला) तिरकं गेलं असेल तर तिची जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, तेवढं गणित करूनच आकडा सांगा.